भर थंडीतलं पाणी

चार दिवस उत्तरेचं वारं नुसतं कापत होतं. आज दुपारी तीनच्या सुमाराला ते एकदम पडलं. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ, ढगाचा कुठे ठिपका नाही. मी स्वेटरवर शाल घेतली, कानाला रुमाल बांधला आणि मागच्या अंगणात जाऊन बादली नळाखाली लावली. भांडी घासायला येणारी ममता दारातून बघत होती. म्हणाली, "माताजी, इत्ती ठंड में पाणी दे रिया हो? झाड के निमोनिया हो जायगा." मी म्हटलं, "तू आपली भांडी घास."

तिचं काही चुकलं नाही. वैशाखात झाडाला पाणी घालणाऱ्याला कोणी 'का' म्हणून विचारत नाही. पण हुडहुडी भरत असताना, तेही संध्याकाळी, बादली घेऊन फिरणाऱ्या म्हातारीकडे आमची नानाखेड्याची कॉलनी वळून बघते. आता काय सांगायचं एकेकाला. थंडीत ज्या दिवशी वारं पडतं आणि आभाळ निरभ्र राहतं, त्या रात्री माळव्यात दव गोठतं. सकाळी गवतावर मीठ सांडल्यासारखं दिसतं. हिंदीत त्याला पाला म्हणतात, आणि आम्ही इकडची मराठी माणसंही 'पाला पडला' असंच म्हणतो. हरभऱ्याची शेतं, पपया, वांगी एका रात्रीत काळी होतात. त्यावर साधा उपाय आहे. आदल्या संध्याकाळी मुळाशी भरपूर पाणी घालायचं. ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्रभर हळूहळू सोडते. कोरड्या मातीपाशी सोडायला काही नसतं. हे मला कस्तुरीबाई माळणीने शिकवलं. मी तेव्हा दहाव्या वर्षात होते, आणि तिने सांगितलं त्याच दिवशी मूग गिळून गप्प बसले होते.

माझं आणि स्वातंत्र्याचं वय एकच. त्यामुळे शाळेत पंधरा ऑगस्टला मला पुढे उभी करत, आणि त्याचा मला फार तोरा असे. पण त्या दहा वर्षांत आमच्या उज्जैनने तीन राज्यं बघितली. माझे वडील, नाना, सरकारी कचेरीत कारकून होते. कचेरीच्या दारावर एक सागवानी पाटी होती. आधी तिच्यावर ग्वाल्हेर राज्य होतं, मग मध्य भारत आलं, आणि त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर पेंटरने तीच पाटी उतरवून तिच्यावर मध्य प्रदेश लिहिलं. रंग पातळ होता. तिरप्या उन्हात खालची जुनी अक्षरं दिसायची. नाना घरी येऊन म्हणाले, "पळसाला पानं तीनच." मग जरा थांबून म्हणाले, "पण पाटीला कोणी विचारलं का?" नानांचे विनोद असे असायचे, हसावं की नाही ते कळत नसे.

राजधानी भोपाळला गेली. कोणती कचेरी उचलणार, कोणती राहणार, याच्या रोज नव्या वावड्या. फ्रीगंजातल्या मराठी बिऱ्हाडांतून त्या दिवाळीत फराळाच्या ताटांपेक्षा बदल्यांच्या बातम्याच जास्त फिरल्या. ज्यांचे पूर्वज शिंद्यांच्या चाकरीत इथे आले ते निवांत होते, त्यांना जायला दुसरं गावच नव्हतं. आमच्यासारखी, एका पिढीपूर्वी नोकरीसाठी आलेली माणसं मात्र दोन्ही पाय उचलून बसल्यासारखी वागत. आणि आमच्या घरात सगळ्यात जास्त पाय उचलून कोण बसलं असेल, तर माझी आई.

आई कोकणातली. लग्न होऊन उज्जैनला आली तेव्हापासून तिच्या प्रत्येक वाक्याची सुरुवात 'आमच्याकडे'ने व्हायची. आमच्याकडे असं ऊन नसतं. आमच्याकडे माती तांबडी असते, हाताला चिकटत नाही. तिने परसात लावलेली झाडं ओळीने मरत गेली, आणि प्रत्येक झाड मेलं की 'आमच्याकडे'ला धार चढत असे. खरं सांगायचं तर तीच त्यांना मारत होती. मे महिन्यात लू सुटली की पानं दुपारी माना टाकतात. आईला ते बघवत नसे. भर बारा वाजता विहिरीचं पाणी काढून ती मुळाशी घाले. कोकणच्या सावलीत ते चालत असेल. इथली काळी माती तव्यासारखी तापलेली असते. एकदा कस्तुरीबाईने ते पाहिलं आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "बई, यो तो तमने झाड उबाली दियो." म्हणजे झाड उकडून काढलंत.

कस्तुरीबाई नदीकाठच्या आपल्या वाफ्यांत झेंडू आणि देशी गुलाब लावायची. सकाळी रामघाटावर फुलं विकायची आणि परत जाताना आमच्याकडे देवाची फुलपुडी टाकायची. ठेंगणी, दातात कायम एक काडी, बोलणं माळवी. आईचं हिंदी तेव्हा कामापुरतं होतं. पण झाडांवरून त्या दोघींचं जे चाले, त्याला भाषा लागत नसे. कस्तुरी भेगाळलेल्या जमिनीत बोट घालून आईला दाखवायची. उन्हाळ्यात आमच्या परसातल्या भेगा इतक्या रुंद व्हायच्या की माझी पाटीवरची पेन्सिल त्यात गेली ती गेलीच. अशा जमिनीवर बादली उपडी केली की पाणी भेगेतून थेट पाताळात जातं आणि मूळ कोरडं राहतं. "झाड के देखी ने नी, हवा के देखी ने पाणी दो," ती म्हणायची. झाडाकडे बघून पाणी घालू नका, हवेकडे बघून घाला. मी हे वाक्य आयुष्यात अनेक ठिकाणी वापरून पाहिलं आहे. माणसांनाही लागू पडतं.

मग मामाने पुण्याहून येताना सोनचाफ्याचं रोप आणलं. आईच्या माहेरच्या झाडाच्या बियांचं, ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं, वीतभर. आई त्या रोपापुढे इतकी गप्प झाली की मामा घाबरला. या खेपेला तिने 'आमच्याकडे' बाजूला ठेवलं. वैशाखात महाकाळाच्या पिंडीवर मडकी टांगतात, त्यातून थेंब थेंब पाणी देवावर पडत राहतं. आई दर्शनाला गेली होती, तिथे उभी राहून तिने ते बराच वेळ पाहिलं. घरी येऊन एका मडक्याच्या बुडाला भोक पाडलं, त्यात कापडाची वात घातली आणि तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर ते चाफ्याच्या बुंध्याशी टांगलं. रोज संध्याकाळी मडकं भरायचं, रात्रभर ते गळत राहायचं. कस्तुरीबाई हसून लोटपोट झाली, मग जवळ जाऊन तिने ओली माती चिमटीत घेतली आणि हसायची थांबली. चाफ्याने उज्जैनचे चार उन्हाळे असे काढले. चौथ्या पावसाळ्यानंतर तो माझ्या डोक्याच्या वर गेला होता.

तर ती दिवाळी. नव्या राज्याची पाटी ओली होती आणि मामा आला होता. भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर त्याने पाटावर बसल्या बसल्याच विषय काढला.

"ताई, पुण्यात एका शाळेच्या कचेरीत जागा आहे. जूनपर्यंत थांबतील ते. भाऊजींनी फक्त हो म्हणायचं. भोपाळ की कुठे फरफटत जाण्यापेक्षा आपल्या माणसांत या."

नाना सुपारी कातरत होते. "हिला विचार," ते म्हणाले. "दहा वर्षं ही सामान बांधूनच बसलीय."

आई ताम्हण हातात घेऊन उभी होती. तिने खिडकीतून मागे पाहिलं आणि म्हणाली, "चाफा फुलू दे रे. पहिलं फूल घेऊनच येते."

"फुलेल की जूनपर्यंत," मामा म्हणाला, आणि ठरलं. कोणाला वाटेल थट्टा झाली. पण आमच्या घरात हा कायदाच होऊन बसला. शेजारणींनी विचारलं की आई सांगायची, चाफा फुलला की निघणार. नाना कचेरीत सांगायचे, चाफा फुलला की राजीनामा. निर्णय झाडावर टाकला की माणसं मोकळी होतात, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला एवढंच कळलं की तो चाफा फुलला की माझं उज्जैन संपणार.

मला पुण्याची धास्ती होती. सुटीत तिकडे गेले की मामेबहिणी माझ्या मराठीवर हसायच्या. मी 'मला भूक लागून राहिली' म्हटलं की एक दुसरीला चिमटा काढी. इथे माझी शाळा होती, पंधरा ऑगस्टचा मान होता, थंडीत शाळेच्या वाटेवर ओल्या हरभऱ्याच्या जुड्या घेऊन बसणाऱ्या बायका होत्या. आणि आईचंही त्या वर्षी एक नवं होतं. जुलैपासून ती मुलींच्या शाळेत शिवण शिकवायला जाऊ लागली होती. रस्त्यात लोक तिला 'मास्टरनी बई' म्हणत. ती पदर सारखा करून पुढे चालायची, पण घरी आल्यावर आरशासमोर जरा जास्त वेळ थांबायची. हे मी पाहत होते. त्याचा अर्थ लावायचं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

थंडी पडली तसं आईने चाफ्याचं पाणी तोडलं. आठ दिवसांतून एकदा तांब्याभर, तेही दुपारी, कोमट करून. "लेकराला गारठ्यात ओलं ठेवतात का?" असं तिचं म्हणणं. कस्तुरीबाईने दोनदा टोकलं. आईने तिला आपल्या हिंदीत सांगितलं, "हमारे यहाँ ठंड में झाड को पानी नहीं देते. सर्दी बाधती है." कोकणात कधी दव गोठत नाही, हे कस्तुरीबाईला ठाऊक नव्हतं आणि आईच्या ध्यानात येत नव्हतं.

संक्रांत दोन-तीन दिवसांवर आली होती. आजच्यासारखंच दुपारी वारं पडलं. मी शाळेतून येऊन फाटकावर झोके घेत होते. कस्तुरीबाई रिकामी टोपली काखेत धरून आली. तिने आभाळाकडे पाहिलं, काडी दातातून काढली आणि म्हणाली, "थारी बई से कई दीजे, आज सांज के चाफा के धापी ने पाणी पिलई दे. रात के पालो पड़ेगो." आईला सांग, आज संध्याकाळी चाफ्याला पोटभर पाणी पाज. ती दोन पावलं गेली आणि परत वळून म्हणाली, "नी तो बळी जायगो." नाहीतर जळेल.

मी मान हलवली.

आई शाळेतून आली. मी गणितं करत बसले होते, म्हणजे वही उघडून बसले होते. तिने लुगडं बदललं आणि ती मागे गेली. मागून रहाटाचा आवाज आला. आता सांगावं, आता सांगावं, असं म्हणत मी जागची हलले नाही. थोड्या वेळाने खिडकीतून पाहिलं तर आई नानांचा जुना मफलर चाफ्याच्या बुंध्याला गुंडाळत होती. गाठ मारून झाल्यावरही ती तिथेच उभी होती. मग आत आली आणि हात शेकत चुलीपुढे बसली. जेवताना मी भात टाकला, म्हणून मला बोलणी बसली.

सकाळी परस पांढरं झालं होतं. चाफ्याची पानं उकडलेल्या भाजीसारखी लोंबत होती, आणि ऊन चढेपर्यंत ती काळी झाली. मफलरवर दवाचा चुरा होता. झाडापाशी पाण्याची बादली होती, काठोकाठ भरलेली. आई रात्री भांडंसुद्धा बाहेर राहू देत नसे, म्हणून ते माझ्या ध्यानात राहिलं, पण त्या सकाळी विचार करायला मी शुद्धीवर नव्हते. नाना आले, त्यांनी झाडाकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, मग बादली उचलून मोरीत नेऊन ठेवली.  आई रडली असती तर मी सगळं सांगून टाकलं असतं. ती शाळेची वेळ झाली म्हणून निघून गेली.

कस्तुरीबाईने माझ्याकडे पाहिलं, पण विचारलं नाही. तिने बुंध्याची साल नखाने खरवडली. "होळी तक राह देखो," म्हणाली, "जड़ जिंदी वेगी तो फूटेगो." मूळ जिवंत असेल तर फुटेल. आम्ही होळीपर्यंत वाट पाहिली. चाफा फुटला, पण अगदी जमिनीलगत, दोन बोटांएवढा. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. त्या जूनला काही फूल येणार नव्हतं. पुण्याची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली, आणि मामाने वर्षभर पत्र लिहिलं नाही. नानांची शाखा भोपाळला गेलीच नाही, उज्जैनमध्येच राहिली. जो तो म्हणे, कोकणातली बाई, तिला काय ठाऊक इकडची थंडी. आई ते ऐकून घ्यायची. चाफा पुढे सहा-सात वर्षांनी फुलला. आईने पहिलं फूल देवाला वाहिलं आणि स्वयंपाकाला लागली. तोपर्यंत पुण्याचं नाव काढायचं सगळे विसरले होते, आणि आईचं 'आमच्याकडे' कधी बंद झालं तेही कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मी मात्र ते ओझं बाळगत मोठी झाले. आईचं माहेर मी तोडलं, असं मला वाटत राहिलं. मामा गेल्याची तार आली तेव्हा वाटलं. आईने तिकडून आलेलं फणसाचं वाळलेलं साठ पुरवून पुरवून खाल्लं, तेव्हाही वाटलं. शेवटी नाना गेल्यानंतरच्या एका हिवाळ्यात, दुपारी उन्हात आम्ही दोघी ओला हरभरा सोलत बसलो होतो, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं. माझी स्वतःची मुलं तेव्हा शाळेत होती.

"आई, तो पाला पडला ना, त्या दिवशी कस्तुरीबाईने मला आधीच सांगितलं होतं. चाफ्याला पाणी घाला म्हणून. मी तुला मुद्दाम सांगितलं नाही."

आईची बोटं थांबली नाहीत. "मलाही सांगितलं होतं तिने," ती म्हणाली. "शाळेच्या फाटकाशी माझ्यासाठी थांबली होती. म्हणाली, पोरीला बोललेय, पण पोरं विसरतात."

"मग?"

"मग काय. बादली भरली. झाडापाशी नेऊन ठेवली. आणि उभी राहिले."

"तुला तिचं खरं वाटलं नसेल. थंडीत पाणी..."

"न वाटायला काय झालं? चार उन्हाळे तिचंच ऐकून जगवला होता की त्याला." तिने टरफलं सुपात सारली. "मला जायचं नव्हतं गं. शाळेत पंचवीस मुली माझ्या हाताखाली होत्या. पण दहा वर्षं आमच्याकडे, आमच्याकडे करून सगळ्यांना हैराण केलेलं. आता कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि मला असं सरळ विचारलं कोणी होतं?"

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "पाणी घालवेना. मफलर तेवढा बांधला."

मी विचारलं, नानांना कळलं असेल का. "बादली त्यांनीच उचलली ना," आई म्हणाली. "बोलले काही नाहीत. मामाला नकाराचं पत्र मात्र त्याच दिवशी टाकलं. होळीची वाट नाही पाहिली त्यांनी." मग ती हसली, आणि मला एकदम रडू आलं. तीन माणसांच्या घरात तिघांनाही जायचं नव्हतं, आणि ते एका बिचाऱ्या झाडाला जळून सांगावं लागलं.

आज बादली भरेपर्यंत हे सगळं पुन्हा डोळ्यांपुढून गेलं. आता परसात चाफा नाही, ते घरही नाही. या घरामागे जास्वंद आहे, दोन गुलाब आहेत आणि भिंतीलगत कढीपत्ता आहे. पाल्याला तो सगळ्यात आधी बळी पडतो. आणि त्या कढीपत्त्यावर मी या दिवाळीपासून एक भार टाकून ठेवला आहे. माझा मुलगा निखिल पुण्याला असतो. एकटी राहू नकोस, हे घर काढून टाकू, इकडे ये, असं तो दर रविवारी म्हणतो. चांगल्या मनाने म्हणतो, सूनही म्हणते. मी प्रत्येक वेळी सांगते, "थंडीत पानं झडलीत रे त्याची. कढीपत्ता पुन्हा फुटू दे, मग बघू." काल रात्री ते वाक्य बोलून फोन ठेवला आणि माझे मलाच आईचे शब्द ऐकू आले.

बादली जड होती. दोन खेपा अर्ध्या-अर्ध्या करून नेल्या. कढीपत्त्याच्या आळ्यात पाणी ओतलं, माती पिऊन गार होईपर्यंत, मग पुन्हा ओतलं. बोटं बधिर झाली. ममता जाताना म्हणाली, "अब तो भीतर चलो, माताजी." मी रिकामी बादली नळापाशी उपडी घातली, हात पुसले आणि आत येऊन फोन लावला.

"काय गं, आज मध्येच?" निखिल म्हणाला. "फुटला का कढीपत्ता?"

"फुटेल. आत्ताच पाणी घालून आलेय त्याला. त्याचा आणि माझ्या येण्याचा काही संबंध नाही. मला यायचं नाहीये, बाळा. मला इथेच राहायचंय."

मला वाटलं, आता दुखावणार.  तो हळूच म्हणाला, "मग हे आधीच का नाही सांगितलंस, आई?"

"आपल्या घरात तशी रीत नव्हती," मी म्हटलं.